कानांनी चालवलेली बोट

चेन्नईतला पाऊस उशिरा येतो आणि उशिरा जातो. आपल्याकडे दिवाळीच्या फराळाच्या सुमाराला छत्र्या माळ्यावर जातात, तिथे त्या तेव्हा बाहेर निघतात. सगळा नोव्हेंबर आभाळ गळत राहतं आणि डिसेंबरच्या मध्यावर, एखाद्या सकाळी उठून बघावं तर, पाऊस गेलेला असतो. हवेतला चिकटपणा जातो. दारापुढे तांदळाच्या पिठाच्या रांगोळ्या, मोठमोठी कोलमं, उमटतात. आणि शहराबाहेरच्या एऱ्या, म्हणजे आपले तलाव, काठापर्यंत भरून नुसते पडून असतात. सकाळच्या वेळी त्या पाण्यावर एक सुरकुती नसते. हे फेब्रुवारीपर्यंतच. मग ऊन पाणी प्यायला लागतं, काठावर चिखल दिसतो, आणि मोसम संपतो.

पुण्यात येऊन मला आता खूप वर्षं झाली. परवा चेन्नईच्या ऑफिसातल्या एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला होता. कामाचं बोलून झाल्यावर तो सहज म्हणाला, यंदा एऱ्या छान भरल्यात. फोन ठेवला आणि दिवसभर माझ्या कानात एक बारीक, चढत जाणारा आवाज राहिला. छोट्या मोटरचा.

दोन हजार सात-आठचा मोसम होता तो. मी पंचवीस वर्षांची, मूळची सांगलीची, पेरुंगुडीच्या एका ऑफिसात मोटारींच्या दारांची ड्रॉइंगं संगणकावर करत असे. राहायला अड्यारला, केशवरावांच्या घराच्या माडीवर. माडीला तमिळमध्येही माडीच म्हणतात, हे कळल्यावर मला उगीचच आधार वाटला होता. केशवराव आणि कमलाबाई तंजावरचे मराठी. त्यांच्या कित्येक पिढ्यांनी महाराष्ट्र पाहिलेला नव्हता. मराठी मात्र घरात टिकली होती, जुनी, तमिळ हेल घेतलेली. पहिल्या दिवशी मी बॅगा घेऊन जिना चढत होते तेव्हा कमलाबाई दारात येऊन म्हणाल्या, "जेवण होलं का?" मला वाटलं, माझ्याशी मराठी बोलायला जाऊन चुकल्या. आठवड्याभरात कळलं की त्यांच्याकडे जेवण 'होतं', पाऊस 'होतो', लग्नंही 'होलेली' असतात, आणि माझं 'झालं' ऐकून त्यांना हसू येतं. चेन्नईत कुणाही पोक्त बाईला मामी म्हणतात. आपल्याकडेही मामी म्हणजे मामीच. त्यामुळे त्या मामी झाल्या आणि केशवराव मामा.

त्या वर्षी ऑफिसनं मला तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला जर्मनीला पाठवलं होतं. बरोबरच्यांनी येताना अत्तरं आणली, चॉकलेटं आणली. मी एक लांबट खोकं आणलं. त्यात हातभर लांबीची, लाल रंगाची फायबरची बोट होती. रिमोटवर चालणारी, विजेच्या मोटरची, शर्यतीची. का आणली, हे मला तेव्हा कुणाला नीट सांगता आलं नाही. आमच्या सांगलीला कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात. लहानपणी घाटाच्या पायरीवर उभी राहून मी घसा बसेपर्यंत ओरडायचे. वल्ही मारणारे सगळे पुरुष. मुलींनी काठावरून ओरडायचं. त्या परक्या शहरातल्या दुकानाच्या काचेत ती बोट बघितली तेव्हा माझ्या मनात एवढंच आलं, की ही मला चालवता येईल.

नोव्हेंबरचा एक रविवार, बाहेर धो धो पाऊस. मी माडीवर जमिनीला वर्तमानपत्रं पसरून बोटीचे भाग मांडून बसले होते. छत गळतंय का ते बघायला मामा वर आले. छत बघितलं, मग बोट बघितली, आणि समोर मांडी घातली. त्यांनी बोट उचलून पालथी केली आणि तिच्या तळावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"हिचा तळ सरळ नव्हे," ते म्हणाले.

मला तर आरशासारखा दिसत होता. ते खाली जाऊन पोलादी पट्टी घेऊन आले आणि तळावर आडवी धरली. पट्टीखालून उजेडाची केसाएवढी रेघ आली.

मामा एका पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं शिकवत होते. "काय शिकवायचा तुम्ही?" मी विचारलं तर म्हणाले, "कानस कशी धरायची. बाकी सगळं पोरं आपोआप शिकली." त्या दुपारी त्यांनी बारीक पॉलिशपेपर ओला करून तो तळ सरळ करायला घेतला आणि संध्याकाळपर्यंत मान वर केली नाही. मी मध्ये मध्ये म्हणायची, पुरे ना मामा. ते म्हणायचे, "पोरुमै, कण्णा." धीर धर, बाळा. पोरुमै हा शब्द मी त्या मोसमात इतक्यांदा ऐकला की माझ्या नकळत तो माझ्या मराठीत येऊन बसला. आजही मुलाला शूज घालताना मी तोच शब्द वापरते.

पाऊस पडत राहिला आणि बोट तयार होत गेली. मोटरपासून पाण्यातल्या पंख्यापर्यंत जाणारा शाफ्ट पितळी नळीतून जायचा. त्या नळीत ग्रीस भरायचं, नाही तर तिच्यातून पाणी आत येतं. पंखा मामांनी स्वतः कानसला. दोन उभ्या पात्यांवर एक बारीक सळई ठेवायची, सळईत पंखा अडकवायचा आणि सोडून द्यायचा. पंख्याचं जड पान खाली जातं. त्या पानावरून कानशीचा एक हलका हात फिरवायचा, पुन्हा सोडायचा. हे करताना ते डोळे मिटून घेत. मला वाटे, किती तंद्री लागते या माणसाची.

बोट उलटली तरी बुडू नये म्हणून तिच्या नाकात टेबल-टेनिसचे चेंडू भरले. मामी कॉफी घेऊन वर आल्या होत्या. त्यांनी वाकून आत बघितलं.

"हिच्या पोटांत अंडी काय म्हणून घालता?"

"तरंगाया पाहिजे ना," मामा म्हणाले.

"तुम्हीं दोघं तरंगताय ते पुरे आहे," मामी म्हणाल्या, आणि पेले ठेवून खाली गेल्या.

डिसेंबरात पाऊस थांबला तसे आम्ही बोट घेऊन तांबरमच्या पलीकडच्या एका एरीवर गेलो. मामांची जुनी स्कूटर, मागे मी, माझ्या मांडीवर चादरीत गुंडाळलेली बोट. तिथे रविवारी सकाळी पाच-सहा जण आपापल्या बोटी घेऊन जमत. त्यांच्यातला पुढारी सुंदरम नावाचा दाढीवाला दंतवैद्य. त्यानं प्लास्टिकचे मोठे डबे नारिंगी रंगवून, विटा बांधून पाण्यात सोडले होते. एक डावीकडे, एक उजवीकडे. काठासमोरून डाव्या डब्याकडे जायचं, त्याला उजवीकडे वळसा घालून पलीकडून परत यायचं, अशा त्यांच्या फेऱ्या चालत. बाई बोट घेऊन आलेली बघून सगळे थोडे जास्तच सभ्यपणे बोलायला लागले.

आमची बोट पाण्यात पडली आणि चालली. चालली म्हणजे, गेली आणि आली. सुंदरमची निळी बोट तिच्या बाजूनं तीनदा निघून गेली. मामा हाताची घडी घालून बघत होते.

"ही बोट नव्हे," ते म्हणाले. "बदक."

झालं. माझी झोप उडाली. खोक्यातून आलेली मोटर साधी होती. पुढची मोटर, पुढची बॅटरी बसवल्याशिवाय काही खरं नव्हतं. ऑफिसातला एक जण सिंगापूरला चालला होता, त्याच्या गळ्यात पडले. त्यानं नवी मोटर आणली आणि लिथियमची बॅटरी आणली. ही बॅटरी चार्ज करताना क्वचित पेट घेते, म्हणून मातीच्या मडक्यात ठेवून चार्ज करायची, असं सुंदरमनं बजावलं होतं. मामांनी स्वयंपाकघरातून एक कोरं मडकं उचललं. ते पोंगलला, म्हणजे तिकडच्या संक्रांतीला, नवा भात शिजवायला आणलेलं होतं. मामी दोन दिवस आमच्या दोघांशी फक्त तमिळमधून बोलल्या.

नवी मोटर तापते, तिला पाणी पाजावं लागतं. मामांनी तांब्याची बारीक नळी तिच्याभोवती गुंडाळली. सुकाणूपाशी पाणी आत घ्यायचं, मोटरभोवती फिरवायचं आणि कुशीतल्या भोकातून बाहेर सोडायचं. मागच्या धुण्याच्या टाकीत बोट धरून चालवून बघितली. कुशीतून काडीएवढी पाण्याची धार बाहेर आली तेव्हा मामांचा चेहरा असा झाला, की तसा चेहरा मी नंतर फक्त एकदा बघितला, माझ्या मुलानं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा, माझ्या नवऱ्याचा. बॅटरी पुढे सरकवली की बोट नाक पाण्यात खुपसायची, मागे घेतली की नाक आभाळात. मामांनी आत पट्टीवर पेन्सिलीनं खुणा केल्या. बोटभर पुढे. अर्धं बोट मागे.

आणि मग ती एरीवर उडाली. दुसरा शब्द नाही. तळाचा मागचा वीतभर भाग तेवढा पाण्याला टेकलेला, मागे पाण्याचा उंच पिसारा, आणि आवाज. मी रिमोट घट्ट धरला होता. सुंदरम म्हणाला, "सूपर, मॅडम!" मामा नुसते हसत होते.

आता मागे वळून बघते तेव्हा सगळ्या खुणा दिसतात. तेव्हा त्यांतली एकही खूण वाटली नव्हती. पंगतीला बसल्यावर डाव्या हाताचा पेला त्यांच्याकडून सांडायचा. मामींच्या कोलमावर पाय पडायचा आणि मामी म्हणायच्या, "वय होलं यांचं." एकदा तांबरमच्या वाटेवर स्कूटर डावीकडच्या भाजीच्या गाडीला घासून गेली. गाडीवाला ओरडला. मामांनी वळूनही पाहिलं नाही. मला वाटलं, काय हा माणूस, किती शांत!

डिसेंबरचा शेवटचा रविवार. मामा म्हणाले, आज मी चालवतो. मी आनंदानं रिमोट दिला. पहिल्या दोन फेऱ्या त्यांनी हळू काढल्या, मान सारखी वळवून वळवून बघत. तिसरीला त्यांनी पूर्ण वेग दिला. बोट काठासमोरून डावीकडे सुसाटली, डब्यापाशी आली, आणि वळलीच नाही. डबा मागे टाकून सरळ गेली ती दगडी बांधावर. नारळ फुटावा तसा आवाज झाला.

सगळे धावले. मी मामांकडे बघितलं. ते अजून समोरच्या मोकळ्या पाण्याकडे बघत होते, रिमोटवर बोट तसंच दाबलेलं. मग त्यांनी मला अगदी हळू विचारलं,

"कोठं गेली?"

ती आमच्या डावीकडे पंधरा पावलांवर पडली होती. लालभडक.

बाकीचे बोटीपाशी गोळा झाले होते तेवढ्या वेळात मी विचारलं, "मामा, तुम्हाला डावीकडचं दिसत नाही?"

"मान वळवली की दिसतं."

"केव्हापासून?"

"वर्ष होलं असंल. डावा डोळा धुरकट आहे. उजव्याचंही कडेचं थोडं गेलं आहे." मग माझ्या मनगटाला धरून म्हणाले, "मामीला सांगूं नको. तिची आई आंधळी होऊन मेली. ती रोज रडंल. मला ते सोसायचं नाही. सांगणार नाहीस ना?"

मी म्हटलं, "नाही सांगत."

सुंदरमनं फुटलेली बोट आणून माझ्या हातात दिली. नाक चिरलं होतं, चेंडू बाहेर डोकावत होते. मी मामांना म्हटलं, आपण ट्रेननं जाऊ, स्कूटर नंतर आणू. "आणि घरी काय सांगायचं?" असं म्हणून त्यांनी किक मारली. मी मागे बसले. त्या अठरा-वीस किलोमीटरमध्ये मी एकदाही समोर बघितलं नाही. डावीकडे बघत होते आणि त्यांच्या कानात ओरडत होते. मामा, बस येतेय. मामा, सायकल. मामा, गाय. प्रत्येक वेळी ते शांतपणे "सेरी, सेरी", बरं बरं, म्हणत आणि स्कूटर उजवीकडे घेत. घरी पोचले तेव्हा माझा आवाज बसला होता. मामी म्हणाल्या, "एवढं काय ओरडत होता, शर्यत होती का?"

चार दिवस मी गप्प राहिले. ऑफिसात दारांची ड्रॉइंगं करताना एकाच रेघेवर तासभर बसून राहायची. शब्द दिला होता. आणि हेही कळत होतं, की मोठ्या माणसाचं गुपित आपण पाळतोय यात मला थोडं सुख वाटत होतं. त्यांनी मामींना न सांगितलेलं मला सांगितलं होतं. ही गोष्ट कबूल करायला मला बरीच वर्षं लागली.

मार्गळीचा महिना सुरू होता. या महिन्यात पहाटे देवळात जायचं असतं. मामी रोज स्कूटरवर मागे बसून जात. पाचव्या दिवशी पहाटे मला स्कूटरच्या किकनं जाग आली. मी माडीच्या कठड्यापाशी आले. रस्त्यावर अंधुक उजेड, धुकं, खाली नुकतंच घातलेलं पांढरं कोलम. मामी नऊवारीसारखं मागे खोचलेलं रेशमी लुगडं सावरत एका अंगावर बसल्या. त्यांचे पाय डाव्या बाजूला होते. दोन्ही पाय, जोडवी घातलेले, डाव्या बाजूला.

मी जिना कसा उतरले आठवत नाही. अनवाणी जाऊन स्कूटरच्या पुढे उभी राहिले. हँडल धरलं.

"मामी, उतरा."

"काय होलं? स्वप्न पडलं का?"

"उतरा तुम्ही. मामांना डावीकडचं दिसत नाही. वर्ष झालं."

मामांनी इंजिन बंद केलं. दूरच्या देवळातल्या लाऊडस्पीकरची खरखर ऐकू आली. मला वाटलं होतं मामी रडतील. त्या उतरल्या. पदर सारखा केला. मामांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि मग हळूच त्यांच्या डाव्या बाजूला सरकत गेल्या, एक पाऊल, दोन पावलं.

"अत्तां दिसतें का मी?"

मामा समोर बघत राहिले. म्हणाले, "नाही."

मामी स्कूटरची किल्ली काढून घेऊन घरात गेल्या. मामा माझ्याकडे न बघता त्यांच्या मागून गेले.

डोळ्यांच्या दवाखान्यात काचबिंदू निघाला. गेलं ते परत येणार नाही. राहिलंय ते थेंब घालून राखता येईल, डॉक्टर म्हणाले. हे मला मामींनी सांगितलं. मामा माझ्याशी बोलत नव्हते. जिन्यात समोर आले तर भिंतीकडे सरकून वाट देत. स्कूटर एक माणूस येऊन घेऊन गेला, त्या दिवशी ते दिवसभर मागच्या अंगणात बसून होते. मी वरून बघितलं आणि आत आले. बरोबर केलं होतं मी. तरी जेवण गेलं नाही. मामींनी तेवढ्यात डांगर पचडी पाठवली होती, उडदाच्या पिठाचं ताकातलं डांगर, अगदी माझ्या आजोळी करतात तसं. ते तसंच झाकून ठेवलं.

करायला काहीच नव्हतं म्हणून मी बोट काढली. फायबरचं कापड, रेझिन, पॉलिशपेपर. नाक जोडलं, ओबडधोबड झालं, पण जुळलं. मग मोटर सुरू करून बघितली. आवाज येत होता, पण कसा तरी. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा बघितली. तिसऱ्या संध्याकाळी मोटर चालू असताना जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, एकेक पायरी. मामा भिंतीला हात लावत वर आले. दारात उभे राहिले.

"तो शाफ्ट वाकडा आहे," ते चिडून म्हणाले. "तीन दिवस होले. मला खाली बसून ऐकवत नाही."

मी सरकून जागा दिली. ते मांडी घालून बसले आणि हात पुढे केला. मी शाफ्ट काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. काचेवर गडगडवून त्यांनी वाकलेली जागा बोटांनी शोधली, मला दाखवली, आणि हातोडीचे किती हलके ठोके द्यायचे ते सांगितलं. ठोके मी दिले. त्या पहाटेबद्दल ते बोलले नाहीत. मीही बोलले नाही. पुढे कधीच आम्ही बोललो नाही.

मात्र त्या दिवसापासून बोट नव्यानं जुळायला लागली, ती त्यांच्या कानांनी. टाकीत मी वेग द्यायची, ते डोळे मिटून ऐकायचे. "ग्रीस कमी आहे." "स्क्रू ढिला आहे, मागचा, उजवा." मी बघायची तर खरंच ढिला. एरीवर आता आम्ही ट्रेननं जात होतो. मी रिमोट धरायची, मामा माझ्या मागे उभे. वळणावर बोट कलली की पंखा थोडा पाण्याबाहेर येतो आणि मोटर किंचाळते. ते मला कळायच्या आधी त्यांना कळे. "सोड," ते म्हणत. मी वेग सोडायची. "दे." मी द्यायची. पहिल्या दिवशी मी उशिरा सोडायची, मग बरोबर, मग त्यांचा शब्द आणि माझं बोट यांच्यात काही अंतरच राहिलं नाही.

पोंगलनंतरच्या रविवारी सुंदरमनं शर्यत ठेवली. सहा बोटी, पाच फेऱ्या. मामीही आल्या होत्या, पहिल्यांदाच. छत्री उघडून, चटईवर, डब्यात लिंबूभात घेऊन. चौथ्या फेरीपर्यंत आम्ही पहिले होतो. मी सांगलीच्या घाटावर ओरडायची तशी मनातल्या मनात ओरडत होते. पाचव्या फेरीला, शेवटच्या वळणाच्या आधी, सरळ पाण्यावर, मामा म्हणाले, "सोड."

तिथे सोडायचं काही कारण नव्हतं. निळी बोट दोन हात मागे होती. सोडलं तर ती गेलीच पुढे.

"सोड, कण्णा. शेवाळ अडकलं आहे. जळंल मोटर."

मला मोटरच्या आवाजात काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं. तरी मी सोडलं. निळी बोट सर्रकन पुढे गेली, मागून आणखी एक गेली. आमची लाल बोट हळूहळू, बदकासारखी, तिसरी आली. उचलून बघितलं तर पंख्याभोवती हिरव्या शेवाळाचा घट्ट गुंडा, कुशीतली धार बंद, आणि मोटरला हात लावला तर चटका. आणखी अर्धी फेरी, की गेली असती. मामांनी ती गरम मोटर पंच्यात धरली. "हिचं अजून पुष्कळ आयुष्य आहे," असं म्हणाले. मामींनी आम्हा सगळ्यांना लिंबूभात वाढला. सुंदरमनं तीनदा घेतला.

फेब्रुवारीत पाणी ओसरलं. डबे चिखलात कलंडले. मे महिन्यात माझी पुण्याला नोकरी ठरली. निघताना बोट त्यांच्याकडेच ठेवली. मामा नको नको म्हणत होते. "मी काय करूं हिचं? दिसायचं कोणाला?" मामी पुढे आल्या. बोट माझ्या हातातून घेऊन त्यांनी ती देवघराच्या वरच्या फळीवर ठेवली.

मामांना जाऊन आता सहा वर्षं होतील. त्यांची उजव्या डोळ्याची नजर अखेरपर्यंत टिकली. वर्तमानपत्र नाकाशी धरून, पण स्वतः वाचत, असं मामींनी कळवलं होतं. या दिवसांत मला त्यांची आठवण येते ती मात्र आजारपणाची नाही, मृत्यूची नाही. एका फोनची येते.

मी चेन्नई सोडल्यानंतरचा पहिलाच जानेवारी होता. रविवारी दुपारी फोन वाजला. पलीकडे मामी, दम लागलेल्या, मागे वारा आणि माणसांचे आवाज.

"ऐक. मी तिसरी आलें."

"कशात?"

"कशांत म्हणजे? शर्यतीत! सुंदरमनं ठेवली होती ना. मी चालवलें. रिमोट मी धरलें, हे मागे उभे."

मला ते चित्र दिसलं. नऊवारीसारखं लुगडं खोचून, तांबरमपलीकडच्या त्या काठावर, सगळ्या पुरुषांच्या रांगेत. मी हसायला लागले, आणि माझे डोळे भरून आले. "किती बोटी होत्या, मामी?"

"तीन," मामी म्हणाल्या.

तेवढ्यात मागून मामांचा आवाज आला, चिडलेला, खणखणीत, त्या सगळ्या पाण्यावर ऐकू जाईल असा:

"तिला सांग, सोड म्हटलं की ही सोडतच नाही!"